एका स्क्रूवर सगळ्या तारा

"तहान," सासरे म्हणाले.

तिने उठून पेलाभर पाणी आणले. सासऱ्यांनी पेला डाव्या हाताने बाजूला सारला. थोडे पाणी सांडले. टेबलावर तारा होत्या, म्हणून तिने ते घाईघाईने फडक्याने टिपले.

"नाही, नाही. तहान!"

त्यांचे बोट सोल्डर केलेल्या पट्टीवर होते. पट्टीवर वीज एकाच दिशेने जाऊ देणारे चार डायोड होते आणि आठ जोड. तिसऱ्या जोडावर ते नखाने टकटक करत होते. तिने भिंग धरून पाहिले. सात जोड चकचकीत होते. तिसरा राखाडी आणि रवाळ.

"कोरडा राहिलाय?"

सासऱ्यांनी डोळे मिटून मान हलवली. इतकी साधी गोष्ट कळायला इतका वेळ, असा चेहरा. तिने तापलेली सोल्डर गन उचलली, जोड पुन्हा वितळवला, त्यावर सोल्डरच्या तारेचे टोक टेकवले. धूर आला. जोड चमकला.

"हां," सासरे म्हणाले. हा एक शब्द त्यांना नेहमी अचूक सापडत असे.

सासऱ्यांनी एकतीस वर्षे सार्वजनिक सभागृहातली ध्वनियंत्रणा सांभाळली होती. लोक त्यांना माइकवाले म्हणत. सभागृहाच्या मागच्या टोकाला काचेची खोली होती, तिच्यात ते बसत. भाषणे, नाटके, शाळांची संमेलने, शोकसभा. आवाज नीट असला की कोणी मागे पाहत नसे. माइकने शिट्टी मारली की आठशे माना एकदम मागे वळत. "आठशे माणसं एका वेळी रागावलेली कशी दिसतात, ते मला विचारा," एवढा एकच विनोद ते करत. तोही वर्षातून एकदा, पाहुण्यांपुढे.

निवृत्त झाल्यावर त्यांनी घराच्या मागच्या खोलीत स्वतःचा अॅम्प्लिफायर बनवायला घेतला. दोन वर्षे लागली. झाला तेव्हा आवाज उत्तम होता. पण एक गाणे संपून दुसरे सुरू होण्याआधी मधल्या फटीत स्पीकरमधून बारीक घूं येई. ती घरात फक्त त्यांनाच ऐकू येई. मुलाने कान लावून पाहिला, सुनेने पाहिला. सासू तेव्हा होत्या, त्या म्हणाल्या, "माझ्या कानात बारा महिने घूं असते, मी कोणाला सांगायला जाते का?" सासऱ्यांनी महिनाभर विचार केला आणि दोष सप्लायचा ठरवला. भिंतीतल्या विजेला अॅम्प्लिफायरला पचेल असे रूप देणारा जो भाग, तो सप्लाय. तो त्यांनी बाजारातून तयार आणला होता. आता तो काढून टाकून स्वतः करायचा. वही काढली, आकडे मांडले, अर्धे सामान आणले. तेवढ्यात सासू गेल्या आणि काम थांबले. तीन वर्षांनी त्यांनी वही पुन्हा उघडली, आणि त्याच महिन्यात एका सकाळी दाढी करताना त्यांचा उजवा हात रेझरसकट खाली आला.

दवाखान्यात तिसऱ्या दिवशी ते बोलले. "हॅलो. माइक टेस्टिंग. वन, टू, थ्री." अगदी स्वच्छ. परिचारिका हसल्या. मुलाने आईला कळवावे तशी बायकोला फोन करून ही बातमी कळवली आणि फोनवरच रडला. डॉक्टरांनी नंतर समजावून सांगितले, की जन्मभर तोंडात बसलेली वाक्ये अशी मागे राहतात. बाकीचे शब्दही आहेत, पण त्यांच्या जागा बदलल्या आहेत. पेला म्हणायला जातील आणि चप्पल म्हणतील. सराव करून घ्या.

सरावासाठी चित्रांचे पत्ते मिळाले. कुत्रा, किल्ली, छत्री. मुलगा दूरच्या बंदरावर क्रेनच्या देखभालीचे काम करत असे आणि सहा आठवड्यांतून चार दिवस घरी येई. सून कामावर जाई. म्हणून दिवसभर एक मावशी ठेवली होती. ती दुपारी सासऱ्यांसमोर छत्री धरत असे. सासरे भिंतीकडे पाहत.

"त्यांना येतं हो सगळं," मावशी सांगे. "पण असं बघतात माझ्याकडे, की मलाच वाटतं, मी छत्री घेऊन इथे काय करतेय?"

सून दातांच्या कवळ्या बनवत असे. एका इमारतीच्या तळघरात सहाजणांची प्रयोगशाळा होती, तिथे ती तेरा वर्षे होती. माणसांचे जबडे प्लास्टरच्या साच्यांतून तिच्याकडे येत, साच्याला नंबर असे. मेणात दात बसवायचे, कड्या वाकवायच्या, घासून गुळगुळीत करायचे, पाठवून द्यायचे. पेशंट तिला कधी दिसला नाही. कवळी टोचते म्हणून परत आली, तरच ती कोणी केली याची चौकशी होई.

सासऱ्यांशी तिचे वैर नव्हते, बोलणेही नव्हते. तेरा वर्षांत "जेवण झालं का", "कोणी आलं होतं का", "दिवा राहिलाय" एवढ्यावर दोघांचे चालले होते.

मग एका संध्याकाळी ती घरी आली, तर मावशी दारातच उभी.

"मी आधीच सांगते, त्या तारांना मी हात लावणार नाही. मला ओरडू नका."

सासरे मागच्या खोलीत टेबलाशी बसले होते. डाव्या हातात तापलेली सोल्डर गन होती, दोन बोटे भाजली होती, आणि धरायला दुसरा हात नाही म्हणून तार त्यांनी दातांत पकडली होती. वरची कवळी तिनेच केलेली होती.

"बाबा, तार सोडा," ती म्हणाली. "त्या कवळीला मला दोन आठवडे लागलेत."

सासऱ्यांनी तोंड उघडले. तार पडली. तिने ती उचलली आणि विचारले, "कुठे धरू?"

त्या दिवसापासून ती रोज कामावरून आल्यावर तासभर मागच्या खोलीत बसू लागली. तार वाकवणे तिला नवे नव्हते. पक्कड तिच्या हातात सरळ बसली. बाकी काहीच येत नव्हते. सासरे वहीतले पान उघडून त्यावर बोट ठेवत आणि शब्द शोधत. शब्द भलताच येई. ती भलतीच वस्तू उचले. ते टेबलावर थाप मारत. दुसरा शब्द शोधत.

"सासू," एके दिवशी ते म्हणाले. "सासू आण."

ती थबकली. सासू जाऊन साडेतीन वर्षे झाली होती. हे कसे सांगायचे, याचा ती विचार करत असतानाच ते पुन्हा म्हणाले, "सासू. जड. मध्ये... मध्ये बसते," आणि डाव्या हाताने कागदावर चित्र काढू लागले. लोखंडी चौकट, तिच्यावर तारेच्या गुंडाळ्या. ट्रान्सफॉर्मर.

तिला हसू आले. आधी दाबले, मग दाबता येईना. सासरे चपापले. आपण काय म्हणालो, ते त्यांनी मनात पुन्हा ऐकले असावे; त्यांचे अर्धे तोंड ताणले गेले, खांदे हलू लागले. त्या घरात सासऱ्यांच्या दुखण्यानंतर कोणी मोठ्याने हसले ते तेव्हाच पहिल्यांदा. पुढे ट्रान्सफॉर्मरला त्या घरात दुसरे नाव राहिले नाही.

चित्र घेऊन ती ट्रान्सफॉर्मर गुंडाळून देणाऱ्या वाइंडिंगवाल्याकडे गेली. दुकान म्हणजे एक खोली, तांब्याच्या तारेची रिळे आणि वार्निशचा वास. त्याने कागद उजेडात धरला.

"हे कोणी काढलंय?"

"सासऱ्यांनी. डाव्या हाताने."

"माइकवाले?" त्याने चष्मा कपाळावर सरकवला. "मला वाटलं, गेले."

"नाही."

"अक्षर त्यांचं नाही. पण हा पडदा बघा. दोन गुंडाळ्यांच्या मध्ये तांब्याचा पत्रा. हा दुसरं कोणी मागत नाही. मी दर वेळी म्हणायचो, काही फरक पडत नाही हो. ते म्हणायचे, तुला नाही पडत." त्याने कागद खिळ्याला लावला. "शनिवारी या. आणि पिशवी जाड आणा."

शनिवारी ती साडेचार किलोचा ट्रान्सफॉर्मर मांडीवर घेऊन बसने घरी आली. दारातून आत येताच म्हणाली, "सासू आणली." मावशी दोन पावले मागे सरकली.

मग काम वेगाने पुढे गेले. विजेतले चढउतार सपाट करणारे दोन मोठे कपॅसिटर बसले. आता तारा उरल्या. आणि तारांपाशी सासरे एका शब्दावर अडून बसले.

"घरी," ते म्हणत. "सगळी घरी."

"येईल हो, बाबा. पुढच्या आठवड्यात येतोय तो. चार दिवस आहे."

"तो नाही!" त्यांनी टेबलावर मूठ आपटली. "हे! हे घरी. हे घरी. हे घरी." प्रत्येक 'हे' म्हणताना बोट एकेका काळ्या तारेवर, आणि मग पत्र्याच्या तळाला मधोमध बसवलेल्या एका पितळी स्क्रूवर.

"सगळ्या काळ्या तारा याच स्क्रूला?"

"एक घर." त्यांनी श्वास घेतला. शब्द येत होते आणि ते त्यांना एकेक करून हाताला धरून आणत होते. "वेगळी घरं... भांडण. भांडण म्हणजे घूं."

आठ महिन्यांतले ते त्यांचे सर्वांत लांब बोलणे होते. तिने सातही काळ्या तारा मोजून कापल्या, प्रत्येकीच्या टोकाला कडी वाकवली, आणि एकावर एक त्या स्क्रूवर चढवल्या.

मुलगा आला त्या दिवशी त्याने मागच्या खोलीचे दार उघडले आणि तो तिथेच उभा राहिला. टेबलावर जळल्याचे डाग होते. वडिलांच्या बोटांवरही होते. संध्याकाळी ती भाजी चिरत असताना तो स्वयंपाकघरात आला.

"हे काय चाललंय? त्यांना शॉक लागला तर?"

"प्लग मी लावते. तो माझ्याकडे असतो."

"मावशी सांगत होती, ते ओरडतात. टेबल बडवतात. डॉक्टरांनी काय सांगितलंय? त्रास द्यायचा नाही."

"ओरडतात," ती म्हणाली. "छत्री बघून ओरडतसुद्धा नव्हते."

"अगं, पण तुला काय कळतं त्यातलं?"

"काहीच नाही. म्हणून तर त्यांना सांगावं लागतं."

तो वाईट माणूस नव्हता. बापाच्या खोलीत पडलेले अर्धवट काम त्याला पाहवत नव्हते, आणि त्याला त्यातले सगळे कळत होते. दुसऱ्या दिवशी ती कामावर गेल्यावर तो बाजारात गेला, उत्तम तयार सप्लाय घेऊन आला आणि दीड तासात बसवून मोकळा झाला.

ती घरी आली तेव्हा गाणे लागले होते. घरभर आवाज भरला होता. सासरे पुढच्या खोलीत खुर्चीवर होते. अंगात धुतलेला शर्ट, हात मांडीवर.

"झालं!" नवरा म्हणाला. "इतकी वर्षं रखडलं होतं. बाबा, कसा वाटतो आवाज?"

"छान," सासरे म्हणाले. "छान. फारच छान."

एकही शब्द चुकला नाही. भाषणे संपल्यावर आयोजक काचेच्या खोलीत डोकावून विचारत, "कसा झाला कार्यक्रम?", तेव्हा ते हेच सांगत असत. गाणे संपले. पुढचे सुरू व्हायच्या आधी, दोन सेकंदांच्या शांततेत, त्यांच्या पापण्या घट्ट मिटल्या गेल्या. तिला काही ऐकू आले नाही. पापण्या मात्र दिसल्या.

"भरून आलं त्यांना," नवरा हळूच म्हणाला. तिने नुसती मान हलवली. तो इतका खूश होता.

तो गेल्यावर सासरे मागच्या खोलीकडे फिरकले नाहीत. तिने दोनदा विचारले. त्यांनी हात हलवला. तारा लावलेला पत्र्याचा तळ कोपऱ्यात वर्तमानपत्राखाली पडून होता. चौथ्या दिवशी ती कामावरून आली, तर मावशीचा चेहरा फुलला होता.

"आज काय झालं माहितीये? छत्री म्हणाले! अगदी बरोबर. किल्ली म्हणाले. कुत्रासुद्धा. मी म्हटलं होतं ना, येतं त्यांना सगळं!"

सासरे खिडकीपाशी बसले होते. पत्ते त्यांच्या मांडीवर होते, एकावर एक, कडा जुळवून ठेवलेले. ती आत आली तसा त्यांनी वरचा पत्ता उचलून तिला दाखवला.

"छत्री," ते म्हणाले.

तिने पर्स खाली ठेवली. मागच्या खोलीत गेली. स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि तयार सप्लायचे चार स्क्रू काढले. तारा सोडवल्या. कोणती कुठली, हे तिला आता कळत होते. सप्लाय त्याच्या खोक्यात परत घातला, खोके कपाटावर ठेवले. कोपऱ्यातला पत्र्याचा तळ दोन्ही हातांनी उचलून पुढच्या खोलीत आणला आणि सासऱ्यांच्या मांडीवरचे पत्ते बाजूला करून त्यांच्यासमोर स्टुलावर ठेवला.

"बाबा, मला पुढचं येत नाही," ती म्हणाली.

सासऱ्यांनी तिच्याकडे पाहिले. मग ते तारांकडे पाहू लागले. एकेक तार बोटाने धरून तिच्या टोकापर्यंत गेले. एक तार त्यांनी हलवून पाहिली, ती पक्की होती.

"सासू?" त्यांनी विचारले.

"आतच आहे. आणते."

मावशीने पत्ते गोळा केले आणि खणात ठेवले.

आणखी नऊ दिवस लागले. रविवारी सकाळी सगळे जोडून झाले. एकदम वीज द्यायची नाही, हे सासऱ्यांनी तिला चित्र काढून समजावले होते. मध्ये एक साधा बल्ब जोडायचा. बल्ब क्षणभर पेटून मंदावला, तर काम बरोबर. पेटलेलाच राहिला, तर चूक. मावशीला सुट्टी होती. घरात दोघेच होते. तिने प्लग लावला, बटण दाबले.

बल्ब लख्ख पेटला आणि तसाच राहिला.

"बंद!" सासरे ओरडले.

तिने बंद केले. आपले काय चुकले, ते ती आठवू लागली. कवळी परत आली की ती हेच करत असे. सासऱ्यांनी कपॅसिटरमधली उरलेली वीज उतरवायला लावली, मग भिंग घेतले आणि पट्टीवर वाकले. पाच मिनिटे गेली. त्यांचे बोट एका डायोडवर थांबले. त्याच्यावरची पांढरी रेघ इतरांच्या उलट दिशेला होती.

"तुम्हीच म्हणाला होतात," ती म्हणाली. "मी दोनदा विचारलं. तुम्ही म्हणालात, उलटी."

त्यांना आठवले. त्यांना 'सरळ' म्हणायचे होते. त्यांनी डाव्या हाताने कपाळावर मारले आणि तेच बोट स्वतःच्या छातीला लावले.

"मी," ते म्हणाले. "मी उलटी."

तिने डायोड काढला, खूण तपासली, नवा बसवला. जोड त्यांनी भिंगातून पाहिला. तहान नव्हती. पुन्हा प्लग, पुन्हा बटण. बल्ब लख्ख पेटला, आणि दोघे पाहत असतानाच लाल होत होत विझल्यासारखा झाला.

"हां."

मग बल्ब काढून अॅम्प्लिफायर जोडला. सासऱ्यांनी आवाजाची कळ स्वतः फिरवली. गाणे लावू दिले नाही. तिला बोटाने जवळ बोलावले. ती स्पीकरपुढे गुडघ्यांवर बसली आणि तिने जाळीला कान लावला. सासरे खुर्चीतून वाकले; त्यांचा कान तिच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर होता. दोघे तसेच राहिले. खाली रस्त्यावर कोणीतरी शटर उघडले. वरच्या मजल्यावर नळ सुरू झाला आणि थांबला.

सासरे सरळ होऊन बसले. त्यांनी तिच्याकडे पाहून भुवया उंचावल्या. ते विचारत होते.

"काहीच नाही, बाबा," ती म्हणाली.

त्यांनी मान हलवली. शर्टाच्या बाहीने तोंडाचा उजवा कोपरा पुसला. मग टेबलावरच्या तिच्या फोनकडे बोट केले आणि एकही चूक न करता मुलाचे नाव घेतले.

फोन दुसऱ्या घंटेला उचलला गेला. मागे यंत्रांची घरघर होती.

"काय झालं? बाबा बरे आहेत ना?"

"बरे आहेत. ऐक, तू आणलेला सप्लाय मी काढला."

"का? चालत होता की."

"चालत होता."

"मग?"

"आम्ही आमचा बसवला. आत्ताच सुरू केला."

"बरं. आवाज कसा येतोय?"

"येत नाहीये."

"अगं, मग फ्यूज बघ आधी. बाबांना हात लावू देऊ नकोस. तो काचेचा असतो ना, त्यात तार—"

"तसं नाही रे. सुरू आहे. आणि काहीच येत नाहीये. थांब, तूच ऐक."

तिने फोन स्पीकरच्या जाळीपाशी धरला. सासरे पुढे झुकले होते. हात गुडघ्यावर, ओठ मिटलेले. फोनमधली घरघर दूर गेली. नवरा चालत कुठेतरी आत गेला असावा. एक दार लागल्याचा आवाज आला. मग घरघरही थांबली.

फोन कट झाला की काय, म्हणून तिने स्क्रीन वळवून पाहिली. झाला नव्हता. सेकंद पुढे सरकत होते. नवरा ऐकत होता.